दोष भिंतींचा, शिक्षा पोरांना

दिवाळीची साफसफाई चालू असताना एक गंमत आपल्या सर्वांच्या अनुभवास येते. गाद्या गच्चीवर उन्हात गेलेल्या असतात, पडदे धुण्यात, सतरंज्या कठड्यावर. अशा रिकाम्या घरात उभे राहून आतल्या खोलीत हाक मारावी, तर आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. 'अगं, केरसुणी कुठं आहे?' एवढे साधे वाक्य. पण ते भिंतीभिंतीवर आपटत जाते आणि आतून उत्तर येते, 'काय म्हणालात? जरा नीट बोला ना!' दोन दिवसांनी गाद्या परत येतात, पडदे चढतात, आणि त्याच हाकेला पहिल्या खेपेस ओ मिळते. दोष आपल्या घशाचा नव्हता, तिच्या कानांचाही नव्हता. घर घुमत होते, एवढेच.

ही एवढीशी गोष्ट मला बारा वर्षांपूर्वी समजली असती, तर एका मुलीला मी 'मठ्ठ' म्हटले नसते. सणासुदीच्या अंकात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाचे ताट पुढे घेऊन घरातली सारी माणसे एकत्र वाचतात, असा अंक वर्षातून एकदाच निघतो. आणि माझे भांडण घरातल्या साऱ्या माणसांशी आहे. त्यात मी स्वतःही आलो.

मी लोणावळ्याच्या बाजूला एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर दहावी. आमची शाळा पूर्वी कौलारू होती. खाली मातीची जमीन, वर लाकडी वासे, वाशांवर मंगळुरी कौले. पावसात दोन ठिकाणी गळायची आणि तिथे आम्ही बादल्या ठेवायचो. मग गावाने वर्गणी काढली, देणगीदार मिळाले आणि नवी इमारत उभी राहिली. वर सिमेंटचा स्लॅब, खाली चकचकीत फरशी, भिंतींना तेलाचा रंग. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही सर्वजण त्या फरशीत आपापली तोंडे पाहून खूश झालो होतो.

त्या वर्षी जूनपासूनच माझा घसा बसू लागला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. वय झाले, असे मी मनाशी म्हटले. पोरे जास्त दंगा करतात, असेही म्हटले. आणि त्याच वर्षी पवन मावळातल्या एका शेतकऱ्याची मुलगी माझ्या वर्गात श्रुतलेखनात नापास होऊ लागली. ती 'खडू'चे 'कडू' लिही, 'घोडा'चा 'गोडा', 'भात'ची 'बात', 'पाठ'चा 'पाट'. मी लाल शाईने शेरा मारी: 'लक्ष नाही.' हुशार मुले पुढे आणि मठ्ठ मुले मागे ही आमची जुनी रीत. तिच्याप्रमाणे मी तिला शेवटच्या बाकावर नेऊन बसवले. तिचा बाप एकदा शाळेत आला आणि डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाला, 'गुरुजी, घरी तर रातच्याला कुत्रं भुंकलं तरी पयली हीच उठती. आन् तुमी म्हन्ता हिला ऐकू येत न्हाई?' मी त्याला समजावून सांगितले की ऐकणे वेगळे आणि लक्ष देणे वेगळे. सातवीनंतर तिचे नाव पटावरून कमी झाले. बापाला मी जे समजावले होते, ते त्याने खरे मानले होते.

पुढे काही वर्षांनी माझ्या एका कादंबरीचे श्राव्य पुस्तक करायचे ठरले. लेखकाने स्वतःच वाचावे, अशी टूम निघाली. मी घरच्या पुढच्या खोलीत बसून पहिले प्रकरण वाचले, ध्वनिमुद्रित केले आणि पाठवून दिले. उत्तर एका ओळीचे आले: 'खोली घुमते आहे, पुन्हा करा.' मला राग आला. खोली कशी घुमेल? खोली काय मृदंग आहे? पण त्या रागातच मी पुण्याला ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या एका रविवारच्या वर्गात नाव घातले. दर रविवारी सकाळच्या लोकलने मळवली, कामशेत, वडगाव करीत पुण्याला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. वर्गात सगळी विशीतली पोरे. ती मला 'काका' म्हणत. शिकवणारा तरुण मला 'सर' म्हणे आणि मी त्यालाही 'सर' म्हणे.

पहिल्याच दिवशी त्याने एक फुगा फुगवला आणि टाचणीने फोडला. मग म्हणाला, 'फुगा फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आता त्याच्यानंतरचा ऐका.' त्याने दुसरा फोडला. तेव्हा मला आयुष्यात प्रथम कळले की प्रत्येक आवाजाला शेपूट असते. तोंडातून निघालेला आवाज कानाकडे सरळ जातो, तसाच भिंतीकडे, छताकडे, जमिनीकडेही जातो. तिथून परततो, पुन्हा आपटतो, आणि दर आपटीला थोडा थोडा झिजत विरून जातो. परतलेला आवाज वेगळा ऐकू आला, तर तो प्रतिध्वनी. असंख्य परतलेले आवाज एकमेकांत मिसळून रेंगाळले, तर तो निनाद. हे दोन्ही शब्द आपल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत. म्हणजे ज्या वर्गात बसून पोरे निनादाची व्याख्या पाठ करतात, त्याच वर्गातल्या निनादापायी त्यांना ती व्याख्या धड ऐकू येत नाही!

या विद्येचा पाया एका वर्गातच घातला गेला, हे मला फार मोलाचे वाटते. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले काही समजेना. ही अडचण वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे सोपवण्यात आली. या गृहस्थाने डॉक्टरेट कधी घेतली नव्हती. तो रात्री, बाहेरची वर्दळ थांबल्यावर, ऑर्गनची नळी वाजवी आणि आवाज कानाआड व्हायला किती वेळ लागतो ते मोजी. रिकाम्या दालनात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत होता. मग त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या उशा रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडल्या, दर वेळी मोजले आणि सकाळच्या आत त्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. उशा वाढल्या, तसा निनाद घटला. दिवाळीत आपल्या गाद्या जे सांगतात तेच त्याला त्या उशांनी सांगितले. फरक एवढाच, की त्याने ते मोजले. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे संगीतगृह त्याच्या या गणितावर उभे राहिले आणि आजही नावाजले जाते.

गणित असे आहे: खोलीचे घनफळ मीटरमध्ये काढा, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या सगळ्या वस्तू मिळून जेवढा आवाज गिळतात त्या आकड्याने भागा. उघडी खिडकी सगळा आवाज गिळते, म्हणून तिचा एक चौरस मीटर म्हणजे एक. गिलाव्याची भिंत, फरशी, स्लॅब यांचा एक चौरस मीटर मात्र फार तर शंभरातले दोन-तीन भाग गिळतो. उत्तर सेकंदांत येते.

मी माझा वर्ग मोजला. सात मीटर लांब, सहा रुंद, साडेतीन उंच, घनफळ १४७. सहा बाजू मिळून १७५ चौरस मीटर. त्या सगळ्या मिळून गिळतात जेमतेम सव्वापाच. म्हणजे रिकामा वर्ग साडेचार सेकंद घुमतो. चाळीस मुले बसली की त्यांचे कपडे आणि अंगे मिळून आणखी बाराएक गिळतात. दारे-खिडक्या मिटलेल्या असतील तर निनाद साधारण १.४ सेकंदावर येतो. आकडे ढोबळ आहेत, पण फसवे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गासाठी सांगितलेली मर्यादा ०.६ सेकंद आहे. आमचा वर्ग भरलेला असतानाही तिच्या दुपटीहून अधिक घुमतो.

आता त्या मुलीच्या वहीकडे वळू. ती वही मी त्या रात्री माळ्यावरच्या गठ्ठ्यातून शोधून काढली. मनुष्य बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. स्वर जोराचे आणि लांब असतात. व्यंजने दुबळी आणि क्षणिक. खोली घुमू लागली की मागच्या अक्षराच्या स्वराचे शेपूट पुढच्या अक्षराच्या व्यंजनावर येऊन पडते आणि त्याला झाकून टाकते. 'क' आणि 'ख' यांत फरक तो किती? श्वासाच्या एका फुंकरीचा. ती फुंकर शेवटच्या बाकापर्यंत पोचण्याआधीच बुडते. मी तिच्या चुका एकामागून एक तपासल्या. खडू-कडू, घोडा-गोडा, भात-बात, पाठ-पाट. साऱ्या चुका महाप्राणाच्या! काना, मात्रा, वेलांटी यांतले एकही चुकले नव्हते. पोरीने जे ऐकले ते अक्षरन् अक्षर प्रामाणिकपणे लिहिले होते. त्या वहीत लक्ष नव्हते ते माझे.

आणि मी तिला बसवले होते कुठे? अशा वर्गात मास्तराच्या तोंडापासून दोन हातांच्या पलीकडे गेले की सरळ येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून फिरून येणारा आवाज जास्त भरतो. त्यातला पहिल्या विसाव्या हिश्शा सेकंदात येणारा भाग बोलण्याला आधार देतो, हे खरे. पण त्यामागून येणारा सगळा गाळ. मोठा माणूस निम्मे ऐकतो आणि निम्मे ओळखतो, कारण शब्द त्याच्या ओळखीचे असतात. मुलाला शब्दच नवा. ते ओळखणार कशावरून?

या शोधानंतर मी शाळेतल्या आणि गावातल्या शहाण्या माणसांशी बोललो. त्यांची उत्तरे सांगतो, कारण तीच उत्तरे तुमच्याही ओठांवर असतील.

पहिले उत्तर: 'माईक लावा.' प्रत्येक अडचणीवर आपला हा एकच तोडगा. देवळात आवाज कळत नाही, ध्वनिक्षेपक बसवा. मंगल कार्यालयात मंगलाष्टके समजत नाहीत, आणखी दोन बसवा. अहो, खोलीला आवाज कमी पडत नाही, जास्त होतो! माईकने मास्तराचा शब्द वाढला, तर त्याचे शेपूटही तेवढेच वाढते. चिखलात पाणी ओतून रस्ता धुवायचा हा प्रकार आहे.

दुसरे उत्तर: 'खिडक्या उघड्या ठेवा.' गणिताने हे बरोबर आहे. पण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा शाळेच्याच महिन्यांत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडकी उघडली की पहिल्या बाकावरची वह्या-पुस्तके भिजतात. पाऊस थांबला तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची वाहने आत येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. तो नियम रस्त्यावरच्या कर्ण्याला सांगता येतो. पण आमच्या भिंतींना कोण सांगणार?

तिसरे उत्तर: 'आम्ही नाही शिकलो अशाच शाळांत?' नाही, अशाच नाही शिकलात. तुमच्या कौलांना फटी होत्या, आणि त्या फटींतून पाण्याबरोबर आवाजही बाहेर जात होता. कौलारू शाळेकडे परत चला, असे मी म्हणत नाही. त्या बादल्या मी स्वतः उचलल्या आहेत. माझे म्हणणे एवढेच, की छप्पर बदलताना आपण पावसाचा विचार केला, कानांचा केला नाही. आणि जे शिकले नाहीत, ते हे वाक्य बोलायला येथे आलेले नाहीत.

चौथे उत्तर अभिमानाचे: 'आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते, कार्ल्याचे लेणे पाहा.' मी कार्ल्याला किती वेळा गेलो असेन त्याला गणती नाही, पण ध्वनीचा विद्यार्थी म्हणून गेलो तो एकदाच. एकवीरा आईचे दर्शन घेतले आणि शेजारच्या चैत्यगृहात शिरलो. सुमारे सव्वाशे फूट लांब, पंचेचाळीस फूट उंच, अखंड कातळात कोरलेले ते दालन. वर कमानीला अजूनही टिकून असलेल्या लाकडी फासळ्या. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते पुरे केले आणि जंबुद्वीपातले ते उत्तम शैलगृह आहे, असा लेख तेथेच कोरून ठेवला. मी आत उभा राहून एक टाळी वाजवली. ती खांबांमागे गेली, स्तूपाला वळसा घालून आली आणि सावकाश विरली. मग आमचे श्रुतलेखनाचे शब्द हलक्या आवाजात म्हणून पाहिले: खडू, घोडा, भात. सगळे एकमेकांत कालवले गेले. मग एकच स्वर लांब धरला, आणि अंगावर काटा आला. एकटा माणूस दहा माणसांसारखा वाजू लागला.

मला वाटते, याचा अर्थ सरळ आहे. ते दालन संथ, एकसुरात, मिळून म्हणायच्या पठणाचे आहे. तिथे निनाद हा दोष नाही, तीच पूजा आहे. ज्याला एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा काढून शिकायचा आहे, त्याच्यासाठी ते नाही. विजापूरच्या गोलघुमटात एक हाक अनेकदा परत येते म्हणून आपण भाडे खर्चून तिथे जातो. म्हणून कोणी गोलघुमटात पाढे शिकवायला बसत नाही. आम्ही मात्र फरशीचे, स्लॅबचे छोटे छोटे गोलघुमट बांधतो, त्यांत चाळीस पोरे कोंबतो आणि वर त्यांचीच परीक्षा घेतो. पूर्वजांचा अभिमान जरूर धरा. पण चैत्यगृह कशासाठी आणि शाळा कशासाठी, एवढा विवेक त्यांच्याकडून घ्या.

राहिले शेवटचे आणि खरे उत्तर: 'पैसा कुठून आणायचा?' हेही मी मोजले आहे. माझ्या वर्गाला ०.६ सेकंदाजवळ आणायचे, तर आवाज गिळणारे आणखी सुमारे बावीस चौरस मीटर हवेत. माझ्या वर्गाचे छत बेचाळीस चौरस मीटर आहे. त्या छताला निम्मा आवाज गिळणारे काही लावले, तर काम जवळजवळ भागते. माझी कादंबरी मी शेवटी आईच्या दोन गोधड्या कपाटांवर टांगून, तिसरी मागे धरून वाचली, आणि ध्वनिमुद्रण पहिल्या फटक्यात पसंत पडले. शाळेत गोधड्या टांगा, असे मात्र मी सांगणार नाही. मावळच्या पावसात त्यांना बुरशी येईल, आणि कापडाला आगीचे भय असते. पण सिमेंटमध्ये बांधलेल्या लाकडी तासणीचे फळे मिळतात. ते दमटपणाला दाद देत नाहीत आणि सहजी पेटतही नाहीत. मागच्या भिंतीला मऊ सूचनाफलक, बाकांच्या पायांना रबर, जमिनीवर काथ्या. यांतले काहीही चंद्रावरून आणायचे नाही.

आणि पैसा नाही, हे मी ऐकून घेणार नाही. आमच्या प्रवेशद्वाराच्या कमानीला पैसा होता. देणगीदारांची नावे कोरलेल्या संगमरवरी फलकाला होता. तोही आवाज गिळत नाही, उलट परत फेकतो. सभागृहांच्या ध्वनिरचनेचे भारतीय मानक १९६३ सालापासून आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनीचा स्वतंत्र विभाग आहे. कागद आहेत, गणित आहे, सामान आहे. फक्त इमारत पुरी झाल्यावर तिच्यात उभे राहून एक टाळी वाजवण्याची कोणाला सवय नाही.

ती सवय लावा, एवढेच या दिवाळीला माझे मागणे. आई-बापांनो, सुट्टी संपल्यावर मुलाला शाळेत सोडायला जाल, तेव्हा रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवा आणि शेपूट ऐका. शेवटच्या बाकावर स्वतः बसा आणि गुरुजींना पाच शब्द सांगायला लावा: खडू, घोडा, भात, पाठ, धार. तुम्ही काय लिहिता ते पाहा. देणगी द्यायची असेल, तर फलकाला देऊ नका, छताला द्या. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, एखादे मूल चुकू लागले तर त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा मारण्याआधी त्याला एकदा आपल्या टेबलाजवळ बसवून पाहा. यालाही पैसा पडतो काय?

ती मुलगी आता लग्न होऊन पलीकडच्याच गावात नांदते. गेल्या भाताच्या काढणीच्या दिवसांत ती मला बाजारात भेटली. 'गुरुजी' म्हणून वाकून नमस्कार केला. मी तिला सगळे सांगायचे ठरवले होते; पण तोंडातून शब्द निघेना. शेवटी एवढेच म्हणालो, 'तुझं काही चुकलं नव्हतं गं.' तिला काहीच उमगले नाही. ती हसली आणि कडेवरच्या पोरीला म्हणाली, 'हे माझे गुरुजी. येत्या जूनला तुला यांच्याच शाळेत घालायची.'

जून यायला अजून काही महिने आहेत. आमचे छत अजून उघडेच आहे.